पोराचं नाव टीव्हीवर

माझ्या मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळताना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं त्याला शिक्षा झाली आहे.

दुबईतल्या एका शाळेचं मैदान होतं. जुमेरा लेक टॉवर्समधलं माझं ऑफिस सुटल्यावर मी थेट तिकडे गेले होते. बाकीची पोरं हेल्मेट घालून एकमेकांना धडका देत होती आणि आमचे बारा वर्षांचे चिरंजीव एका कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून, पाय फाकवून, डोकं गुडघ्यांच्या मध्ये घालून वाकले होते. आमच्या नाशिकच्या शाळेत गृहपाठ केला नाही की असेच अंगठे धरायला लावायचे. माझं डोकं फिरलं. तरातरा कोचपाशी गेले. तो अमेरिकन होता, तेलाच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी करून संध्याकाळी पोरांना शिकवायचा. याने केलंय तरी काय, असं मी त्याला विचारलं.

"मॅम, ही इज व्हेरी गुड ॲट इट," तो म्हणाला.

अंगठे धरण्यात व्हेरी गुड! यावर आईने काय बोलावं, तुम्हीच सांगा.

घरी येताना गाडीत मुलाने मला खेळ समजावला. दुबईहून शारजाला येणाऱ्या त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये माणसाला चारही वेद समजावून होतील, पण हा खेळ काही माझ्या डोक्यात शिरला नाही. एवढं कळलं की, नाव फुटबॉल असलं तरी यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चेंडूही गोल नाही, सोललेल्या नारळासारखा. पुढे सरकायची वाट अडली की एकजण तो लाथ मारून लांब उडवून देतो. हा लाथ मारणारा बराच मागे उभा असतो. त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायला पुढे एकाला वाकावं लागतं आणि दोन पायांच्या मधून, उलटं बघत, मागे फेकावा लागतो. नेमका त्याच्या हातात. तो वाकणारा म्हणजे लाँग स्नॅपर, म्हणजे आमचं रत्न.

"मग तुला सरळ उभं कधी करणार?" मी विचारलं.

"आई, धिस इज माय पोझिशन."

मला कितीतरी वर्षं वाटत होतं की ही खालची इयत्ता असावी. नीट वाकून दाखवलं की पुढच्या वर्षी सरळ उभं करत असतील.

त्याला हे का आवडलं, ते मात्र मला तेव्हाही समजलं होतं. पोरगा अंगाने थोराड होता. बिल्डिंगखालच्या क्रिकेटमध्ये त्याला बॅटिंग कधी मिळायची नाही, गाडीखाली गेलेला बॉल काढायला मात्र पाठवायचे. इथे पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या अंगाकडे बघून "गुड" म्हणालं होतं. मी तरी कोणत्या तोंडाने नको म्हणणार होते?

मग सराव सुरू झाला. फेकलेला चेंडू झेलायला कोणीतरी हवं. त्याचे बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कंपनीत, घरी यायला त्यांना उशीर. त्यांनी यार्डातला मोजपट्टीचा टेप आणून बिल्डिंगमागच्या रेतीच्या पार्किंगमध्ये अंतर तेवढं आखून दिलं आणि आपलं कर्तव्य संपवलं. उभी राहिले मी. ऑफिसचे कपडे तसेच, हातात ओव्हनमधून भांडं काढायचे जाड हातमोजे. समोर पोराची पाठ आणि त्या दोन पायांच्या मधून माझ्याकडे बघणारं त्याचं लालबुंद उलटं तोंड. चेंडू गरगरत यायचा. सुरुवातीला मी डोळे मिटायचे, मग मिटेनासे झाले.

शेजारच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या भाभी बाल्कनीतून बघत असायच्या. एकदा त्यांनी वरून विचारलं, "काय गो, पोर तुला मारतंय की खेळतंय?"

"तेच मला कळत नाहीये, भाभी," मी ओरडून सांगितलं.

ते खोटं नव्हतं. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मी जवळजवळ रोज त्याचे चेंडू झेलले. नियम विचाराल तर आजही सांगता येणार नाहीत.

पुढे तो इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेला. आम्ही समजलो, सुटलो. तर या बहाद्दराने पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या टीमच्या कोचला गाठून "मला वाकून फेकता येतं" असं सांगितलं. दुसऱ्या वर्षी ते त्याला मॅचमध्ये उतरवू लागले आणि आम्ही कॉम्प्युटरवर मॅच बघू लागलो. तिकडची दुपारची मॅच आमच्याकडे जेवणाच्या वेळी लागते. पुढ्यात ताट घेऊन आम्ही दोघं बसायचो. तो मैदानात यायचा, वाकायचा, फेकायचा, क्षणात एखादा रेडा त्याच्या अंगावर यायचा आणि मग कॅमेरा त्या लाथ मारणाऱ्याकडे वळायचा. कॉमेंटेटर त्या लाथ मारणाऱ्याचं नाव घ्यायचा, चेंडू पकडणाऱ्याचं घ्यायचा, पकडणाऱ्याला आडवं करणाऱ्याचंही घ्यायचा. आमच्याचं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.

नाशिकचे नातेवाईक विचारायचे, "किती गोल केले?" मी सांगायचे, त्याचं काम वेगळं आहे. वेगळं म्हणजे काय? म्हणजे तो मागे फेकतो. यावर फोनवर जी शांतता पसरायची, ती फार वाईट असायची. खरं सांगायचं तर मलाही चीड यायची. एवढं तान्हेपणापासून वाढवलेलं पोर, सगळ्या दुनियेसमोर पाठ करून वाकतं आणि त्याचं साधं नावसुद्धा कोणी घेत नाही. यांना म्हटलं, "एकदा, फक्त एकदा त्याचं नाव टीव्हीवर ऐकू दे. मग मी काही मागणार नाही."

कॉलेज संपलं. आम्ही नोकरीच्या ऑफरची वाट बघत होतो, तर एका व्यावसायिक संघाने त्याला ट्रेनिंग कॅम्पला बोलावलं. तो फोनवर रडला. मीही रडले, पण का ते मला सांगता येईना. त्याने बजावलं होतं, "आई, कॅम्पमधल्या बहुतेकांना सीझनच्या आधी घरी पाठवतात. डोन्ट टेल एव्हरीवन." मी फक्त भाभींना सांगितलं आणि यांनी फक्त थोरल्या दिरांना, म्हणजे सगळ्यांना कळलं.

त्या दिवसांत देवापुढे हात जोडले की माझा गोंधळ व्हायचा. त्याला टीममध्ये घेऊ दे, असं म्हणायला तोंड उघडावं, तर डोळ्यांसमोर ते अंगावर येणारे रेडे. त्याला परत पाठव म्हणावं, तर फोनवरचं त्याचं रडणं. शेवटी, तुला योग्य वाटेल ते कर, असं म्हणून मी जबाबदारी देवावर ढकलली. माझ्या स्वभावात हे बसत नाही. मी अकाउंट्समधली बाई, मला दोन्ही बाजू जुळलेल्या लागतात.

ऑगस्टमध्ये, सीझनच्या आधीच्या सरावाच्या मॅचेस सुरू झाल्या. शनिवारी रात्री नऊला मॅच लागली. भाभीही येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या डावात, म्हणजे डावच म्हणतात की काय देव जाणे, आमचा मुलगा मैदानात आला आणि वाकला. चेंडू निघाला तो उंच, त्या लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून पार मागच्या रेषेबाहेर. एकच गलका झाला. आणि कॉमेंटेटरने त्याचं नाव घेतलं!

नाव आणि आडनाव दोन्ही. मग कॅमेरा त्याच्यावर आला. मग तेच परत सावकाश दाखवलं, परत नाव. खाली पट्टीवर नाव. तिसऱ्यांदा दुसऱ्याच बाजूने दाखवलं.

आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच. हे म्हणाले, "बघ, किती लांब फेकला!" भाभी म्हणाल्या, "माशाल्ला, माशाल्ला!" गुणफलकावर दोन गुण वाढले होते. कोणाचे वाढले ते बघायचं भान कोणाला होतं? यांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. थोरल्या दिरांनी लगेच लिहिलं, "घराण्याचं नाव काढलंस, बेटा." दुसऱ्या दिवशी सकाळी हे रोल्याच्या बाजारात जाऊन पेढे घेऊन आले. बिल्डिंगच्या वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या इजिप्शियन डॉक्टरपर्यंत सगळ्यांना वाटले. डॉक्टर म्हणाला, "मबरूक, मबरूक!"

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी त्याला बोलूच दिलं नाही. "अरे, तीनदा दाखवलं तुला! नाव घेतलं! भाभींना तर रडू आलं. बाबांनी पेढे वाटले!"

मी दम घेईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "आई, ती माझी चूक होती. दॅट वॉज अ बॅड स्नॅप. दुसऱ्या टीमला पॉइंट्स मिळाले." आणि पुढे हळूच म्हणाला, "माझं काम बरोबर झालं तर माझं नाव कोणी घेत नाही, आई. नोबडी. दॅट्स द जॉब."

ओट्यावर पेढ्यांचा अर्धा बॉक्स उघडा होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि रागही आला. राग कोणाचा तेच कळेना. त्याचा, कॉमेंटेटरचा, की तीन वर्षं ते नाव मागत बसलेल्या माझा स्वतःचा?

त्याच आठवड्यात त्याला काढलं. तो दोन बॅगा घेऊन शारजाला आला.

आता मनातलं खरं सांगते. एअरपोर्टवर त्याला बघून मला आनंद झाला. पोरगा हातीपायी धड परत आला, खलास, आता नोकरी बघेल, इन्शाल्ला लग्न करेल. आणि तो गाडीत मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसलेला दिसला, तेव्हा त्या आनंदाची मला शरम वाटली.

दोन दिवस तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर चेंडू घेऊन दारात उभा.

"आई, खाली येतेस?"

ओव्हनचे हातमोजे शोधले. ऑगस्टचा उकाडा मी म्हणत होता, रेती तापलेली. तो वाकला. तेच उलटं तोंड, आता दाढी असलेलं. पहिलाच चेंडू असा आला की मी दोन पावलं मागे गेले. मी विचारलं, "नक्की चुकलं काय होतं तुझं?"

"काही नाही. हात घामाने ओला होता. वन बॉल."

"आमच्याकडे चूक झाली तर उलटी एन्ट्री करतात. माणसाला घरी नाही पाठवत."

तो वाकलेल्या अवस्थेतच हसला. मग आम्ही रोज खाली उतरू लागलो. माझ्या मनगटांवर काळेनिळे डाग पडले. ऑफिसमधल्या मुली माझ्याकडे संशयाने बघायच्या आणि मी उलगडून सांगायच्या भानगडीत पडायचे नाही. हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत नव्हतं. त्याला कोणी बोलावणार नव्हतं. एक मात्र झालं, देवापुढे माझा गोंधळ होईनासा झाला. तो रोज वाकताना बघितल्यावर त्याच्यासाठी दुसरं काही मागायला माझी जीभ वळेना.

सीझन अर्धा सरला आणि एका संघाचा स्नॅपर जखमी झाला. सकाळी फोन आला, रात्री तो विमानात. "यल्ला, आई, निघतो," एवढंच म्हणाला आणि माझ्या पाया पडला. मी त्याच्या बॅगेत एक छोटा टॉवेल कोंबला, हात पुसायला.

त्या रविवारी रात्री नऊला आम्ही दोघं परत बसलो. जेवण झाकून ठेवलं होतं. तो मैदानात यायचा, वाकायचा आणि माझे दोन्ही हात आपोआप छातीपुढे उघडायचे, झेलायला. हे माझ्याकडे बघत होते. मी मनात एकच म्हणत होते: देवा, माझ्या लेकराचं नाव कोणाच्या तोंडी येऊ देऊ नकोस. कोणती आई असलं मागते? ज्या नावासाठी तीन वर्षं जीव टाकला, ते एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये कोणी उच्चारू नये म्हणून मी दात आवळून बसले होते.

मॅच संपली. ते हरले की जिंकले, मी बघितलं नाही. घरच्या ग्रुपवर थोरल्या दिरांनी लिहिलं होतं, "आज काही उल्लेख नाही. खेळवलं नाही वाटतं?" यांनी लिहिलं, "खेळवलं." आणि मोबाइल उलटा ठेवला.

सकाळी ऑफिसला निघताना लिफ्टपाशी भाभी भेटल्या. त्यांनी काळजीने विचारलं, "काय गो, घेतलं काय नाव काल?"

"नाही घेतलं, भाभी. एकदाही नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या.

मी पर्समधून देवापुढचा पेढा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्या एकदा पेढ्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. सांगायला गेले असते तर मला धड सांगता आलं नसतं, आणि लिफ्टही आली होती.