सोनेरी बोल्टांचा धूर

शहादेव, आधी तुझ्या गुळाचा निकाल लावते.

गूळ घशाला बरा वाटतो. दूध पोटात जातं. जस्ताचा धूर जातो फुफ्फुसात. या वाटा वेगळ्या आहेत, हे तुझ्या दुकानात उभी राहून मी तुला किती वेळा सांगितलं! तू हसायचास. "बाई, तुमी कॉलेजात शिकवलं, पर धूर आमी खाल्लाय." आता तू मधे बोलू शकत नाहीस, म्हणून सगळं ओळीने सांगते. तू गेल्यापासून फाट्यावर लोक काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं दारू, कोणी म्हणतं करणी. दारूला तू कधी शिवला नाहीस. तेव्हा ज्यांना तू माहीत नाहीस, त्यांनीही हे वाचावं.

उमापूरच्या फाट्यावर, सटवा टायरवाल्याच्या शेजारी, निळ्या पत्र्याचं तुझं वेल्डिंगचं दुकान. आईबाप ऊसतोडीला जायचे, म्हणून तुझं लहानपण साखर कारखान्यांच्या तळावर, पाचटाच्या कोपीत गेलं. कारखान्याच्या वर्कशॉपबाहेर उभा राहून तू उघड्या डोळ्यांनी ठिणग्या बघायचास, डोळे सुजवून घ्यायचास आणि वर आईचा मार खायचास. "कोयता धरायचा न्हाई, एवढं तवाच ठरवलंतं," असं सांगायचास. ठरवलं ते केलंस. बीडला आयटीआय केलंस, उधारउसनवार न करता मशीन घेतलंस. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तेव्हा ट्रॉल्यांची रांग तुझ्या दारात लागायची. ज्या ट्रॉलीत बाया-लेकरं बसून जाणार, तिच्या हुकाचा जोड तू स्वतः घण मारून बघायचास. मालक घाई करत असला तरी.

आपली ओळख माझ्या फाटकावरून झाली आणि भांडणातच झाली. फाटकाचा पाईप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. तू सरळ वेल्डिंग केलंस. मी विचारलं, "मुलामा जाळलास, आता तिथे गंज चढणार, त्याचं काय?"

"चांदी रंग मारतो की."

"रंग आणि जस्त एक आहे का? बोल्ट का नाही लावलेस?"

तेव्हा तू तुझं तत्त्वज्ञान सांगितलंस. "जोड म्हंजे वेल्डिंगचा, बाई. दोन लोखंडं एक होत्यात. नटबोल्ट म्हंजे भाड्यानं ऱ्हायल्यावानी, कवा उठून जाईल नेम न्हाई."

"अरे, उठून जाता येतं हाच त्याचा गुण आहे. पाईप वाकला तर बोल्ट काढून नवा घालता येतो. तुझा जोड कापावाच लागतो."

वाद कधी मिटला नाही, पण दोघांनी थोडं थोडं सोडलं. मुलामा नसलेल्या काळ्या लोखंडाला वेल्डिंगसारखा जोड नाही, आणि ट्रॉलीसारख्या सतत हादरणाऱ्या गोष्टीचा नट केव्हा ढिला होईल सांगता येत नाही, हे मी मान्य केलं. मुलाम्याच्या पाईपला बोल्ट बरा, पातळ पत्र्याला रिव्हेट बरं, हे तू मान्य केलंस. अर्थात गिऱ्हाईक समोर नसताना. आणखी एक गोष्ट मी तुला दाखवली होती. ट्रॅक्टरचा एक कडक बोल्ट, डोक्यावर आकडा कोरलेला, तू वेल्डिंग करून गार पाण्यात बुडवला होतास. मी म्हटलं, आता ठोक. काडकन तुटला. तू तुकडा उचलून बराच वेळ बघत बसलास. तुला कळत नव्हतं असं नाही रे. डोळ्यांनी दिसलं की तुला पटायचं. धुराची अडचण अशी की तो आत जाऊन काय करतो ते दिसत नाही.

मग चकलांब्याच्या रामकिसनरावांचं शेडनेट आलं. ढोबळी मिरचीसाठी त्यांनी जीआय पाइपांचा मोठा सांगाडा उभारला, वर जाळी, चारी बाजूंना बारीक जाळीचे पडदे. सगळं नटबोल्टवर. चोरांनी एका बाजूचे बोल्ट काढून नेले आणि कोपरा खाली बसला. रामकिसनराव तुझ्याकडे आले. "शहादेव, एकूण एक नटाला वेल्डिंगचा टाका मार. चोराच्या बापाला निघाला न्हाई पायजे."

जीआयचं काम सांगणाऱ्याने कारागिराला रोज दूध आणि गूळ द्यायचा, ही आपल्याकडची रीत. रामकिसनरावांनी ती चोख पाळली. पडदे मात्र वर करू दिले नाहीत. किडे आत येतात म्हणे. पांढरा धूर आत कोंडायचा, आणि तुझ्या तोंडाला रुमाल.

पहिल्या संध्याकाळी तुला थंडी वाजून ताप आला, तोंडाला गोडसर चव आली. सकाळी खडखडीत बरा. पुढचे दिवस काहीच नाही. आठवडी बाजारासाठी तू सुट्टी घेतलीस, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलास तो पुन्हा ताप. पुढच्या बाजारानंतर पुन्हा तेच. यावरून तू जे अनुमान काढलंस ते ऐकून मी कपाळावर हात मारला.

सांगायला रुक्मिणी आली होती, तुझी बायको. "बाई, तुमीच दोन शब्द सांगा. बाजारालाबी येईनात. म्हन्त्यात, सुट्टी घेतली का ताप येतो, मग सुट्टीच नगं."

मी तशीच उठून दुकानात आले. "शहादेव, तुझं बघणं बरोबर आहे, अनुमान उलटं आहे. रोज धूर खाल्ला की अंगाला त्याची सवय होते. एक दिवस सोडला की सवय मोडते, म्हणून परत धूर गेला की ताप येतो."

"मग मी येगळं काय म्हन्तो? सवय मोडू द्यायची न्हाई!"

"विष अंगवळणी पडलं म्हणजे ते विष राहत नाही का?"

"बाई, तुमी लई भिता."

सटवा टायरच्या ढिगावर बसून मजा बघत होता. मी तुझ्यापुढे एक बोल्ट धरला. वेल्डिंग करूच नकोस, म्हटलं. नट आवळ, बोल्टचं बाहेर आलेलं टोक हातोडीने ठेच. आटे चेपतात, नट फिरत नाही, मुलामाही जळत नाही. टाका मारायचाच असेल तर आधी तेवढं जस्त घासून काढ, पडदे वर कर, वारं पाठीकडून घे, आणि रुमाल सोडून नीट मास्क लाव. तू नुसतं ठेचून बघितलंस. मग पाना लावून दोन्ही हातांनी जोर केलास. नट हलेना.

"आरं, निघंना की बे!"

सटवा ओरडला, "घ्या! बाईंनी तुझा धंदा बसवला बे!"

त्या दिवशी मला वाटलं, जिंकले. पण रामकिसनरावांनी ठेचलेला बोल्ट हातात फिरवून परत दिला. "ह्ये लांबून दिसतंय का? टाका दिसला पायजे. चोरानं बांधावरूनच माघारी फिरलं पायजे." झालं. मालकाला दिसायला हवा, म्हणून टाका. मास्क मी मागवून दिला होता, तो तू खिळ्याला टांगलास. गुदमरतं म्हणालास.

चोरीला गेलेल्या बोल्टांच्या जागी तुम्ही गेवराईहून नवे आणलेत, पिवळसर मुलाम्याचे. ते पुरणार नाहीत असं दिसलं, तेव्हा रामकिसनरावांनी भंगार बाजारातून पोतंभर बोल्ट आणले. कुठल्या तरी जुन्या यंत्रांचे. तेही तसेच पिवळे, सोन्यासारखे. तू केलेली शेवटची रांग जास्त करून त्यांची. दुसऱ्या दिवशी धापा टाकत तू मला सांगितलंस की त्या दिवशीचा धूर पांढरा नव्हता, तांबूस होता.

असा पिवळा मुलामा जस्ताचा असू शकतो, कॅडमियमचाही असू शकतो. जस्ताचा ताप सकाळी उतरतो. कॅडमियम आधी तसाच ताप देतो, मग छातीत पाणी भरवतो. ते कॅडमियमच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण तपासलं कोणीच नाही. पण संध्याकाळी तुला ताप आला, खोकला आला, छाती आवळली, आणि तू रुक्मिणीला म्हणालास, "त्योच ताप हाय. उद्या कामावर गेलं का जातोय."

दवाखान्यात जायचं सोडून सकाळी तू कामावर गेलास! सवय मोडू नये म्हणून!

दुपारी सटवाच्या पिकअपमधून तुला माझ्या दारात आणलं. ओठ काळे पडले होते. मी पुढे बसले, रुक्मिणीने मागे तुझं डोकं मांडीवर घेतलं. बीडला डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होता? रुक्मिणी म्हणाली, वेल्डिंग. मी सोनेरी बोल्टांचं सांगितलं तेव्हा त्यांनी नर्सला ऑक्सिजन वाढवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुला थोडं बरं वाटलं. नळी बाजूला सारून बोलायला लागलास. मी दटावलं, ऐकलं नाहीस.

"बाई, घमेलंभर बोल्ट ऱ्हायलेत तिथं."

"राहू दे. मी आजच जाऊन फेकून देते."

"सगळे कावून फेकता? गेवराईचे चांगले हायेत. एकाच घमेल्यात कालवलेत रामकिसनरावनी."

"दिसायला सारखे आहेत. निवडणार कसे?"

"मला वळखू येत्यात. भंगारच्या बोल्टाच्या कडा झिजल्यात, हाताला लागतंय. रांगेतले बी दावतो, कापून काढू. जरा दम येऊ द्या, आपुन दोघं जाऊ. तवर रामकिसनरावला काय बोलू नका, त्येंची काय चूक हाय?"

"बरं. जाऊ," मी म्हटलं. तुझ्याशी मी वाद घातला नाही, असं तेवढं एकदाच झालं. पहाटे दम वाढला. रुक्मिणी तुझे तळपाय चोळत राहिली, डॉक्टर तिचे हात बाजूला करेपर्यंत.

तुझा दहावा झाल्यावर मी चकलांब्याला गेले. रामकिसनराव रडले, खरंच रडले. पण घमेलं फेका म्हटलं तर म्हणाले, "बाई, सोन्यावानी बोल्ट हायेत. कुठले वाईट, कुठले चांगले, तेवढं दावा, मी आत्ता फेकतो." मी घमेल्यात हात घातला. एकेक कड बोटांनी चाचपली. मला तर सगळ्याच सारख्या लागल्या. दोन बोल्ट तपासायला घेऊन आले आहे, पण त्या दोघांवरून बाकीच्यांचं काय कळणार? ठेचून काम भागतं हेही पुन्हा सांगून आले. त्यांनी मान हलवली. पण राहिलेल्या नटांना टाका मारायला दुसरा माणूस बोलावलाय.

चकलांब्याला आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. तेवढं एक राहिलं, शहादेव.