आठवं अंडं

लंडनजवळच्या स्टॅनमोरमधल्या त्या घरात साप सुचेतानं आणलेला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आणला तिच्या लेकीनं, स्वरालीनं, शाळेत असताना. नव्याचे नऊ दिवस झाले, लेक नोकरीला लीड्सला गेली आणि ती नारिंगी, बिनविषारी ‘केशर’ आईच्या गळ्यात पडली. पडली ती पडलीच! फ्रीझरमध्ये मटारशेजारी गोठवलेले उंदीर दिसले, तेव्हा नवऱ्यानं, मिलिंदनं, आठ दिवस अबोला धरला. सुचेतानं खुशाल धरू दिला.

बाई कुणाला भिणारी नव्हेच मुळी. हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं फार्मसिस्ट. डोस चुकलेला दिसला की भल्याभल्या कन्सल्टंट डॉक्टरांना फोन लावून ‘हे मी देणार नाही, बदलून पाठवा’ म्हणणारी.

यंदा तिला हौस आली. हॅरोचा ब्रायन गेली वीस वर्षं साप पाळतो. त्याच्याकडचा नर चार दिवस पाहुणा म्हणून येऊन गेला आणि जूनच्या सुरुवातीला केशरनं आठ अंडी घातली. सापाचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू दगावतं, म्हणून सुचेतानं प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली. डब्यात ओलसर भुगा, अठ्ठावीस अंश तापमान, आणि दोन महिने दिवसातून चारदा डोकावणं. शेवटच्या आठवड्यात तर रजाच काढली.

रविवारी सात पिल्लांनी आपापली अंडी आतून चिरली आणि सोमवारपर्यंत सातही बाहेर आली. आठवं मात्र ढिम्म. बुधवारी सकाळी तिनं ब्रायनला फोन केला.

“आजच काप,” तो म्हणाला. “वरच्या बाजूला नखाएवढी चीर. त्याला स्वतःला जमत नाहीये. उद्यावर टाकू नकोस.”

तिनं ड्रॉवरमधून नखं कापायची कात्री काढली, तोच स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. मे महिन्यात पुण्याहून आल्या होत्या त्या. हाताला कणीक लागलेली, कुकरमध्ये पुरणाची दिंडं उकडायला ठेवलेली.

“सुचेता, अगं आज नागपंचमी! आज चिरू नये, कापू नये. मी मेली भाजीसुद्धा चिरली नाही, आणि तू अंडं कापतेस? तेही सापाचं?”

“अहो आई, हा नाग नाही. कॉर्न स्नेक आहे, अमेरिकेतला.”

“अमेरिकेतला असला म्हणून काय झालं? जात सापाचीच ना?”

झालं! सुचेताचं डोकं सणकलं. पंचवीस वर्षांत या बाईंचं एक ऐकलं नव्हतं तिनं. मंगळसूत्र रोज घातलं नाही, उपास धरले नाहीत, चातुर्मासातही कांदा सोडला नाही. पण आज कात्री हातात धरून ती नुसती उभी राहिली. नागपंचमीला, सापाचं अंडं, कात्रीनं. लहानपणी आईनं याच दिवशी हातातली विळी काढून घेतली होती, ते आठवलं. हात धजेना. स्वतःचीच चीड आली. तिनं कात्री ड्रॉवरमध्ये आपटली.

दुपारी सासूबाईंनी डब्याजवळ दुधाची वाटी ठेवली, वर लाह्या. “साप दूध पीत नाहीत, आई!” ती ओरडलीच. त्या मिलिंदला म्हणाल्या, “मला वेम्बलीच्या देवळात ने. दोन-तीन तास बसेन म्हणते.”

ती दोघं गेली. घरात सुचेता, अंडं आणि ड्रॉवर. तीनच्या सुमाराला अंड्याचं पापुद्र्यासारखं कवच आतून किंचित हललं. ती उठली, ड्रॉवरपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. एक दिवसानं काय होतंय, असं स्वतःला बजावलं. पेशंटच्या बाबतीत हे वाक्य कुणी तिला ऐकवलं असतं, तर त्याची तिनं सालटीच काढली असती.

गुरुवारी उजाडताच, चहाही न घेता, तिनं कापलं. आत पिल्लू होतं. पूर्ण वाढलेलं, नारिंगी, वेटोळं घातलेलं. नाकावर कवच फाडायचा तो बारीकसा दातही होता. अंग मात्र लुळं पडलेलं, जीव गेलेला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे? काल कापलं नाहीस तू?”

“तुम्हीच नको म्हणालात ना!” सुचेता कडाडली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“अगं, मी म्हणणारच! माझ्या तोंडून दुसरं काय निघणार? पण तू माझं कधी ऐकतेस?” त्या खुर्चीत बसल्या. “मला वाटलं, मी घरात नसले की उरकशील. म्हणून तर एवढे गुडघे दुखत असताना देवळात तीन तास बसून राहिले.”