दिवे वाढवायला मुंबईला

अंधारात घाट उतरणार नाही, असं माझ्याकडून पुन्हा पुन्हा कबूल करून घेतल्यावरच ह्यांनी जीपची किल्ली हातातून सोडली. अंगणातून गाडी बाहेर काढताना आरशात ते पायरीवर बसलेले दिसले. गाडीचा उजवा दिवा चिकटपट्टीने बांधलेला, डावा काविळीसारखा पिवळा, आणि चालवणारी मी, जी भर दुपारीही समोरून ट्रक आला की श्वास धरून ठेवते. अशी आमची स्वारी मुंबईला निघाली.

मी हौसेने फिरायला गेले असं वाडीतल्या मंडळींना वाटायला नको, म्हणून काम आधी सांगते. ह्यांचं आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिस असतं. पाळी सकाळची, त्यामुळे पहाटे अंधारातच घाट उतरावा लागतो. त्या वेळी एकही रिक्षावाला वर यायला तयार नसतो. राहिली आमची जुनी फोर-व्हील जीप, जिच्यातून ह्यांनी एके काळी विटांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहिलं.

यंदा दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि ह्यांनी नेहमीसारखा नारळ वाढवायला घेतला. हात थरथरला, नारळ निसटून दिव्यावर आपटला आणि दिव्याची काचच वाढली. आमच्या घरात नारळ, बांगडी, आरसा यांतलं काहीच ‘फुटत’ नाही, सगळं ‘वाढतं’. सासूबाईंची तशी शिकवण. पण त्या दिवशी ‘फुटली’ हा शब्द आम्ही दोघांनी टाळला तो शिकवणीमुळे नाही, भीतीमुळे. ह्यांचा हात याआधी कधीच चुकला नव्हता.

मग एका सोमवारी, पहाटे, मधल्या वळणावर उरलेला दिवाही एकाएकी मंदावला. मी सगळा जीव लावून ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर पुढचं चाक डांबरावर नव्हतं, कडेच्या गवतावर होतं.  हे म्हणाले, “पुढच्या खेपेपासून मी येणार नाही. माझ्यापायी तुला दरीत घालायची नाहीये मला.”  डायलिसिस बंद म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं आहे. खूप विनवण्या केल्या तेव्हा एवढंच कबूल झाले, की दिवे नीट झाले तर गाडीत बसेन. पुढची पाळी गुरुवारी होती. तालुक्याच्या मेकॅनिकने जास्त उजेडाचा बल्ब घालून पाहिला, तर वायरच जळाली. त्याने जुनी वायर कशीबशी जोडून दिली आणि हात वर केले. म्हणून मंगळवारी मी लालबागची वाट धरली. तिथे माझ्या वन्सं (नवऱ्याची थोरली बहीण) राहतात, आणि त्यांचा शेजारी बाबल गाड्यांचं काम करतो.

मुंबईत शिरल्यापासून माझे खांदे कानांना चिकटले होते. आजूबाजूला सगळे जण भांडल्यासारखे हॉर्न वाजवत होते. लालबागला पुलाखालून वळते तोच मसाला कांडणाऱ्या दुकानांतून मिरचीचा असा ठसका आला की मला शिंकांवर शिंका. डोळे उघडले तेव्हा समोर हातगाडी, आणि मधे वीतभर जागा. मागचा टॅक्सीवाला डोकं बाहेर काढून ओरडला, “ओ मावशी, गाडी आहे का म्युझियम? काढा पुढे!” मी शिंकतच गाडी पुढे काढली.

वन्संनी चाळीच्या दारातच मला कुशीत घेतलं. वर कोळंबीचं कालवण आणि भात तयार होता. ह्यांना मीठ मोजून, पाणी मोजून. आणि मी मात्र वन्संच्या आग्रहाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. घास गोड लागला याचंच वाईट वाटलं.

जेवून आम्ही दोघी जीप घेऊन भोईवाड्यात बाबलच्या गॅरेजवर गेलो. बाबल पन्नाशीचा, बोलायला सुसाट, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची सवय नाही. त्याने मोठ्या थाटात खोका उघडला. “घ्या वैनी, एक नंबर माल!” आत परातीएवढे दोन दिवे होते. त्याने एक उचलून जीपच्या तोंडाशी धरला. जुन्या दिव्याची वाटी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

“एवढे मोठे कशाला?” मी विचारलं.

“तुम्हीच बोलला ना फोनवर? ‘दिव्याची काच वाढलीय.’ मी समजलो, कोणीतरी आधीच साइज वाढवून मोठा दिवा बसवलाय. तर मोठा सेट मागवून ठेवला.”

वन्संनी कपाळावर हात मारला. “मेल्या, बांगडी वाढते तशी वाढली! फुटली, असं म्हणायचंय तिला!”

“मग फुटली बोला ना! सरळ बोलायचं तर...”

तो शब्द असा मोठ्यांदा दोनदा कानावर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबल मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. पुढचा पत्रा कापतो, रात्रीत बसवून देतो, म्हणाला. कापला आणि जुळला नाही तर? गुरुवारी पहाटे काय करायचं? माझा आवाज इतका चढला की शेजारच्या दुकानातले लोक बघायला लागले. “बरं, बरं, वैनी,” बाबल म्हणाला. “नाय कापत. गिरगावात जाऊ. जुन्या गाड्यांचा माल तिकडेच भेटतो.”

गिरगावापर्यंत जीप बाबलने चालवली. मी चालवताना घाबरते हे खरं, पण त्याच्या शेजारी बसून मला कळलं की तोवर मी नुसती सराव करत होते. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात मोबाइल, आणि तोंडाने मला धीर देणं चालू. “टेन्शन घेऊ नका वैनी, ब्रेक लागतात, थोडे उशिरा लागतात.” मी वाटेत दिसतील तेवढ्या देवळांना हात जोडले.

दुकान अगदी अरुंद गल्लीत होतं. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी आमची चिकटपट्टी लावलेली काच हातात घेतली, उलटसुलट पाहिली. “काय झालं हिला?”

‘वाढली’ म्हणाले असते तर पुन्हा घोटाळा झाला असता. मी म्हटलं, “फुटली.”  विचारलं नव्हतं तरी पुढे सांगितलं, “नवऱ्याच्या हातून.”

“काचच ना?” ते म्हणाले. “देतो.” आणि आत गेले.

मी तिथेच स्टुलावर बसले आणि पदराने तोंड पुसलं. लगेच घरी फोन लावला. ह्यांनी उचलला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. वाटीतून मोजून पाणी प्यायलो, म्हणाले.

नव्या दिव्यांचं माप अगदी जुन्यासारखं, पण उजेड कितीतरी जास्त. मी निळसर पांढरे नको म्हटलं, कारण आमच्या घाटात सकाळी धुकं असतं आणि धुक्यात तो पांढरा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. भोईवाड्यात परतल्यावर बाबल बॉनेटमध्ये शिरला. जुन्या वायरीतून दिव्यापर्यंत पोचेस्तोवर करंट दमतो, म्हणाला. त्याने बॅटरीपासून नवी जाड वायर टाकली आणि मधे रिले बसवला (बटण दाबलं की बॅटरीतला करंट सरळ दिव्याला सोडणारी डबी).

काम होईतो तिन्हीसांजा झाल्या. दिवे नीट लावायचे तर त्यांचा झोत भिंतीवर बघावा लागतो, म्हणून बाबलने जीप समोरच्या चाळीकडे तोंड करून उभी केली, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि मला बटण दाबायला सांगितलं. उजेड रेघ सोडून थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला. तिथे भाजी निवडत बसलेल्या बायकांनी, दिवे लागले की आपण जोडतो तसे, नकळत हात जोडले. बाबल ओरडला, “ओ आजी, देव नाय, जीप आहे!” गॅलरी हसली, वन्संही हसल्या. बाबलने स्क्रू फिरवत झोत रेघेवर आणला. दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

बुधवारी निघायला उशीर झाला. बाबलला कुठलीशी वायर पुन्हा बघायची होती, आणि मला त्याला नाही म्हणायची भीती वाटली. घाटाखाली आले तेव्हा दिवस बुडाला होता. अंधारात उतरायचं नाही असं कबूल केलं होतं, चढायचं नाही असं नव्हे, अशी मनाची समजूत घालून मी दिवे लावले.

रस्ता लख्ख दिसला. खड्डे, कडेचे दगड, पळणारं मुंगूस, सगळं. मी मनात बाबलला दुवा दिला. मग मधलं वळण आलं, आणि झोत रस्ता सोडून पुढे गेला. तिथे कठडा नव्हता. दिवसाही त्या वळणावर माझी नजर चाकापुढच्या डांबरावरून हलत नाही, त्यामुळे मला इतके दिवस वाटायचं की त्या जागी झुडपं आहेत. ती झुडपं नव्हती, खालून वर आलेल्या उंच झाडांचे शेंडे होते, आणि त्यांच्या खाली उजेड कुठेच टेकत नव्हता. सोमवारी आमचं चाक जिथे थांबलं, ते गवत ओंजळीएवढं होतं. मी पहिल्या गिअरमध्ये, दात घट्ट आवळून, ते वळण चढले. पिवळ्या उजेडाने माझ्यावर केवढी मेहेरबानी केली होती, ते तेव्हा कळलं.

हे पायरीवरच बसले होते. “कसा पडतो उजेड?”

“छान,” मी म्हटलं. जेवण गेलं नाही, दमले म्हणून सांगितलं.

गुरुवारी पहाटे हे गाडीत बसले. मी दिवे लावले तेव्हा त्यांनी सवयीने हात जोडले. अंगणापासून रस्त्यापर्यंत सगळं उजळलं आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. मला मात्र मधल्या वळणाशिवाय काही सुचत नव्हतं. त्यांनी ती दरी पाहिली तर पुन्हा गाडीत बसणार नाहीत. वळण जवळ आलं तशी मी डिप्परने झोत खाली केला. उजेड चाकांपुढे गोळा झाला आणि पलीकडे सगळा काळोख.

“खाली का केलेस?”

“समोरून कोणी आलं तर.”

“या वेळी कोण येतंय?”

 स्टिअरिंगवर माझे तळहात ओले झाले होते.

“काल जेवली नाहीस, तेव्हाच कळलं मला,” ते म्हणाले. “अगं, ही गाडी मी दिवसा चालवलीय की इथून. दरी मला ठाऊक आहे. वर कर दिवे. तुला दिसायला हवं. डोळे मी मिटतो.”

त्यांनी खरोखरच डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. मी दिवे वर केले आणि सगळं बघत बघत वळण घेतलं.

आता आम्ही आठवड्यातून दोनदा असेच उतरतो. वळण आलं की ते डोळे मिटतात, वळण सरलं की मी “झालं” म्हणते आणि ते उघडतात. दरीची भीती वाटतेच. पण “झालं” म्हटल्यापासून ते डोळे उघडेपर्यंत जो एक क्षण जातो ना, त्याची त्याहून जास्त वाटते.