कोर्टवाल्याच्या पोराचा पाय

जोरिस दुकासू एके काळी जगात तीनशे सत्त्याऐंशीवा होता. नऊ वर्षांमागं, एका उन्हाळ्यात, उणेपुरे सहा आठवडे. आता घसरून सहाशेच्या पलीकडं गेलाय. पण सहाशेवा म्हणजे काय थोडकं झालं? जगातला सहाशेवा दातांचा डॉक्टर असता, तर त्याच्या मोंगार्द गावच्या चौकात त्याचा दवाखाना असता, दाराला पितळी पाटी असती, आणि नगराध्यक्ष त्याच्या खुर्चीत आ वासून बसला असता. टेनिसातला सहाशेवा मात्र जुन्या व्हॅनमध्ये निजतो, आपल्या रॅकेटच्या तारा आपणच ओढतो, आणि गावी आला की लोक त्याला हमखास विचारतात, "ते खेळाचं झालं रं, पण पोटापाण्याला काय करतोस?"

काय सांगणार? ट्युनिसच्या किनाऱ्यावर एकाच हॉटेलात सहा-सहा आठवडे तोच शिळा पास्ता खाल्ला, ते सांगणार? जर्मनीतल्या खेड्याच्या संघाकडून रविवारी खेळला आणि सोमवारी पहाटे तुर्कस्तानात उतरून दुपारी हरला, ते सांगणार? एकदा डोंगराकडच्या गावात स्पर्धा जिंकला, तर करंडकाबरोबर अख्खी हॅमची, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराची, तंगडी मिळाली. ती व्हॅनमध्ये टांगून तो तीन स्पर्धा फिरला. हरला तरी जेवायची ददात नव्हती. गावाला ही तंगडी तेवढी ठाऊक. तीनशे सत्त्याऐंशी हा आकडा कुणाच्या ध्यानात नाही.

ह्या मुलखात पोरगं उभं राहायला लागलं की त्याच्या हातात रग्बीचा चेंडू देतात. जोरिसच्या हातात झाडू आला, कारण त्याचा बाप आबेल हा टेनिस क्लबाचा कोर्टवाला. चौतीस वर्षं त्यानं ती लाल कोर्टं सांभाळली. दर वसंतात विटेचा बारीक चुरा पसरायचा, रूळ फिरवायचा, पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या. सकाळी पाणी, दुपारी पाणी, आणि प्रत्येक खेळानंतर चुरा सारखा करायला जड जाळी कोर्टभर ओढायची. पोरगं चार वर्षांचं असल्यापासून मागं मागं फिरायचं. चेंडूनं खड्डा पाडला, बुटानं ओरखडा काढला, की आबेल लगेच म्हणायचा, "पायानं सारखं कर, पोरा. आत्ता नाही केलंस तर उद्या तिथं चेंडू मरंल." पोरगं बुटाचा तळवा आडवा धरून चुरा सारखा करायचं. रॅकेट हातात यायच्या आधी पायाला हे वळण लागलं. पुढं जगभर खेळला, पण दोन पॉइंटांच्या मधी त्याचा पाय आपसूक खड्डे बुजवत असायचा. दुसरे खेळाडू हसायचे. म्हणायचे, हा खेळायला आलाय का झाडलोटीला?

तर सांगायचं ते असं की मोंगार्दचा क्लब सहा वर्षांपासून उन्हाळ्यात एक लहानशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवतो. बक्षीस किरकोळ, पण परदेशातनं पोरं येतात. आणि ह्या सहा वर्षांत जोरिस आपल्या घरच्या कोर्टावर मुख्य स्पर्धेत एकदाही उतरला नव्हता. कधी गुडघा, कधी जर्मनीतला संघ, कधी काय. यंदा उतरायलाच हवं होतं. ऑक्टोबरात आबेल निवृत्त व्हायचा होता, आणि पुढच्या सालापासून लाल चुरा खरवडून तिथं निळं सिमेंटाचं कोर्ट होणार होतं. बापाच्या हातच्या कोर्टावर, गावासमोर, मुख्य स्पर्धेत एक मॅच. बत्तीस वर्षांच्या गड्याला एवढंच हवं होतं. मग रॅकेट खुंटीला.

यजमान क्लबाला एक वाइल्ड कार्ड मिळतं. ज्याला द्याल तो थेट मुख्य स्पर्धेत. क्लबाचे अध्यक्ष वेर्दिए यांनी जानेवारीतल्या जेवणात, बदकाची तंगडी चोखता चोखता, सगळ्यांदेखत जोरिसचा हात हातात घेतला होता. "जोरिस, यंदाचं कार्ड तुझं. माझा शब्द." ह्या शब्दावर विसंबून जोरिसनं पात्रता फेरीत नाव घातलंच नाही. कशाला घालील? शब्द मिळाला होता, तोही बत्तीस माणसांसमोर.

शनिवारी सकाळी क्लबाच्या दारावर यादी लागली. वाइल्ड कार्डासमोर नाव होतं गास्पार देल्मास.

गास्पार म्हणजे पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या देल्मास शेठचा पुतण्या. वय एकोणीस, राहणार बोर्दो, मोंगार्दला येऊन गेलेला मोजून दोनदा. निळं कोर्ट देल्मास शेठच बांधून देणार होते. मग पुतण्याला कार्ड कसं मिळालं हे कुणी इस्कटून सांगायची गरज नव्हती.

जोरिस अध्यक्षांच्या खोलीत गेला. वेर्दिए कागदं चाळत होते. वर न बघताच म्हणाले, "जोरिस, बस. कॉफी घेणार?"

"कॉफी नको. कार्डाचं काय झालं?"

"हे बघ, समजून घे. तरुण मुलांना संधी द्यायला हवी. तुझं वय..."

"जानेवारीत काय मी एकवीस वर्षांचा होतो?"

"पात्रता फेरी आहे की. खेळ ना."

"तिची मुदत सरली. तुमच्या शब्दापायी मी नावच नाही घातलं."

"अरेरे," वेर्दिए म्हणाले. नुसतं अरेरे! जणू शेजाऱ्याचं मांजर हरवलं होतं.

जोरिस बाहेर आला तो कोर्टाच्या कडेला, बापापाशी. आबेल नळी घेऊन पाणी मारत होता. पोराचं ऐकून घेतलं, नळीची धार दुसऱ्या बाजूला वळवली आणि म्हणाला, "मंगळवारी मॅची सुरू. तवर कोर्ट मऊ राहाया पायजे. ऊन लई हाय." एवढंच.

बोलली ती कोलेत. कोलेत म्हणजे चौकातली कसाईण, स्पर्धेच्या कँटीनला सॉसेज तीच पुरवते. शनिवारचा बाजार भरलेला, आणि वेर्दिए तिच्या दुकानात बायकोनं सांगितलेलं मांस घ्यायला आले.

"या, अध्यक्ष. काय देऊ? जीभ देऊ का? तुमची तर जानेवारीत गळून पडली म्हणं."

रांगेतली माणसं फिसकन हसली.

"कोलेत, हा क्लबाचा अंतर्गत प्रश्न आहे."

"बरोबर हाय. मग सॉसेजबी तुमचा अंतर्गत प्रश्न. देल्मास शेठला सांगा, तलावात तळून द्यायला."

सॉसेजशिवाय स्पर्धा म्हणजे मोंगार्दमध्ये स्पर्धाच नाही. दुपारी वेर्दिएंनी तोडगा काढला: रविवारी सकाळी नऊला जोरिस आणि गास्पार यांची एक मॅच. जिंकेल त्याला कार्ड. आपल्याच तोंडून आपला शब्द मोडला होता, आणि वर ऐट अशी, की बघा मी किती न्यायी माणूस! दिलेल्या गोष्टीसाठी माणसाला पुन्हा झुंजायला लावायचं, आणि त्याला न्याय म्हणायचं. जोरिस तरी काय करणार? हो म्हणाला.

रविवारी चर्चला सुट्टी दिल्यागत गाव कोर्टावर लोटलं. गास्पार आला तो सहा रॅकेटांची बॅग, एक प्रशिक्षक आणि एक मालीश करणारा घेऊन. जोरिसकडं तीन रॅकेट, त्यातली एक फ्रेमला चीर गेलेली. पंच म्हणून उंच खुर्चीत जिस्लेन बसली. पोस्टातनं निवृत्त झालेली बाई, नियमाची इतकी पक्की की सख्ख्या भावालाही पाय रेषेला लागला म्हणून दंड करील.

पोरगं चांगलं खेळत होतं, खोटं कशाला बोला. सर्व्हिस तर अशी, की चेंडू दिसायच्या आधी आवाज यायचा. पण ते कोर्ट जोरिसचं होतं. डाव्या कोपऱ्यात चेंडू थोडा बसतो, जाळीजवळ उसळतो, हे त्याला झोपेत ठाऊक. पहिला सेट त्यानं सहा-तीन घेतला. दुसरा गास्पारानं घेतला. तिसऱ्यात पाच-चार, चाळीस-तीस. जोरिसला एकच पॉइंट हवा होता.

लांबलचक रॅली झाली. जोरिसनं पोराला या टोकाहून त्या टोकाला पळवलं. शेवटी गास्पारानं जीव खाऊन मारलेला चेंडू मागच्या पट्टीच्या दोन बोटं पलीकडं पडला. दोन बोटं! कोलेतला तिच्या जागेवरनं दिसला.

"आउट," जिस्लेन म्हणाली.

लोक उठले. टाळ्या, शिट्ट्या. जोरिसनं डोळे मिटले, श्वास सोडला. आणि त्याचा पाय, चार वर्षांचा असताना वळण लागलेला तो पाय, आपसूक पुढं सरकला. बुटाचा तळवा आडवा झाला आणि चेंडूनं पाडलेली खूण एका फटक्यात सारखी करून गेला.

"थांबा," पलीकडून गास्पार म्हणाला. "मला खूण बघायची आहे."

लाल कोर्टावर चेंडूची खूण उमटते. वाद झाला की पंच खाली उतरून ती बघतो. आणि ज्यानं आपल्या बाजूची खूण पुसली, त्यानं तो पॉइंट सोडला असं धरतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

जिस्लेन खुर्चीवरनं उतरली. सावकाश चालत आली. सपाट, गुळगुळीत, झाडून काढलेल्या जागेकडं बघत उभी राहिली.

"जोरिस, खूण कुठाय?"

"पुसली गेली."

"कुणी पुसली?"

"मी." मग म्हणाला, "मॅच झाली होती, जिस्लेन. तू आउट दिलास."

"दिला. मला आउटच दिसला." ती खुर्चीकडं वळली. "पण खूण तू पुसलीस. पॉइंट गास्पारचा."

"आगं बये!" कोलेत गरजली. "डोळं फुटलं का तुझं? आत्ता म्हणलीस की आउट दिसला!"

"नियम आहे, कोलेत!"

"तुझा नियम घाल पाकिटात आन् लाव त्येला तिकीट!"

जोरिस जाळीपाशी गेला. गास्पार घाम पुसत होता. जोरिसनं हळू आवाजात विचारलं, "तुला दिसला ना?"

पोरानं खांदे उडवले. "आउट होता. पण खूण पुसायला मी सांगितलं नव्हतं."

एक शब्द बोलला असता तर संपलं होतं. खेळाडूला पॉइंट सोडता येतो, कुणी अडवत नाही. एकोणीस वर्षांचं वय, पुढं सगळं आयुष्य पडलेलं, पाठीशी काका, सहा रॅकेट. त्याला त्या कार्डाची काय गरज होती? पण खांदे उडवले आणि सर्व्हिस घ्यायला मागं गेला.

त्यानंतरच्या तीन गेममध्ये जोरिस कुठं होता, त्यालाच ठाऊक नाही. सात-पाच हरला. हात मिळवला, जिस्लेनशीही मिळवला. तिनं मान खाली घातली होती. मग तो कुंपणाकडं गेला, तिथली ओढायची जाळी काढली आणि कोर्ट ओढायला लागला. क्लबाची रीत आहे, खेळून झालं की दोघांनी मिळून ओढायचं. गास्पार केव्हाच मालीश करून घ्यायला गेला होता. आबेल उतरून आला, जाळीचं दुसरं टोक त्यानं धरलं. बापलेकांनी बाहेरनं आत, गोल गोल, सगळं कोर्ट ओढलं.

अर्ध्यात आल्यावर आबेल म्हणाला, "त्या पायाला मीच वळण लावलं."

"जाऊ दे, बा."

"जाऊ कसं दे? दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर खूण तशीच ऱ्हायली असती."

"दुसऱ्या कुणाचा असतो तर खेळलोच नसतो मी."

आबेल थुंकला. कोर्टाबाहेर. कोर्टावर तो चौतीस वर्षांत कधी थुंकला नव्हता.

सोमवारी आबेलनं पाणी मारलं, मंगळवारी पट्ट्या पुसल्या. कोर्टाचा काय गुन्हा? दुपारी दोनला गास्पारची मॅच. समोर अर्जेंटिनाचा एक डावखुरा, बसनं रात्रभर प्रवास करून आलेला, जोरिससारखाच कुणीतरी. वेर्दिएंनी माइक घेतला. "मंडळी, टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया आपल्या मोंगार्दच्या मातीतल्या खेळाडूचं. गास्पार देल्मास!"

वरच्या बाकावर जोरिसच्या शेजारी आबेल बसला होता. त्यानं मान वळवून पोराकडं बघितलं. "मोंगार्दच्या मातीतला?"

"असं म्हणाले खरं."

डावखुऱ्यानं पोराला सत्तेचाळीस मिनिटांत सहा-एक, सहा-शून्यनं लोळवलं. माती तोंडात गेली म्हणावी तर तेही नाही, एकदा म्हणून पोरगं चेंडूसाठी पडलं नाही. लोक सॉसेजकडं पांगले. पुढची मॅच दहा मिनिटांत होती, आणि कोर्ट तुडवून पार इस्कटलं होतं.

"आबेल," वेर्दिए माइकवरनं म्हणाले. "आबेल, जाळी, प्लीज."

आबेल हलला नाही.

"आबेल दुकासू, कोर्टावर या."

"मंगळवारी माझा गुडघा दुखतो," आबेल वरनं ओरडला. "देल्मास शेठला बोलवा. त्येंची मातीय न्हवं का!"

बाकांवर हशा पिकला. कोलेतनं सॉसेज उलटायचा चिमटा वर करून सलामी दिली. देल्मास शेठ मोबाइलवर बोलण्यात एकदम गुंगून गेले. शेवटी वेर्दिए स्वतः उतरले. पांढरे बूट, मलमली पॅन्ट. जाळी उचलली आणि नको तसं सुरू केलं: मधनं बाहेर, उलट दिशेनं, मागं चुऱ्यात ओरखडे काढत. पट्टीवर पाय दिला, खिळा वर आला. एका कोपऱ्यात चुऱ्याचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात चुऱ्याखालची चुनखडी उघडी.

आबेलचा चेहरा बघवत नव्हता. जणू कुणी त्याच्या देखत म्हातारीची वेणी कात्रीनं कापत होतं. दोन्ही हात बाकावर टेकले, बूड वर उचललं.

"बा."

"आरं पण बघ की! बघ, बघ, डावीकडं सगळं नासवलं."

"बस."

"उद्या तिथं चेंडू मरंल, जोरिस."

"मरू दे."

आबेल तरीही उठायलाच लागला. तेव्हा जोरिसनं आपला पाय उचलला आणि बापाच्या बुटावर ठेवला. घट्ट दाबून धरला. खाली अध्यक्ष घामाघूम होऊन जाळी ओढत होते, मागं वाकडीतिकडी लाल नक्षी उमटत होती, आणि जोरिसनं ती संपेपर्यंत पाय काढला नाही.