धागा जाळून बघणं

भोपाळपासून वेगळं होऊन आमचं नवीन राज्य झालं तेव्हा तिथून बदली होऊन आलेलं एक मराठी कुटुंब ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत राहायला आलं. नवरा सरकारी नोकरीत, बायको दिवसभर घरी.

आमच्या यांना संधिवात होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बोटं वाकडी झाली, पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानातली नोकरी सुटली. मी सकाळी विचारायची, सूज उतरली काय? दुपारी विचारायची, गोळी घेतली काय? हे नुसती मान हलवायचे. कोणी भेटायला आलं की यांच्या आधी मीच सांगायची, किती कण्हतात, संडासला कसं धरून न्यावं लागतं. हे भिंतीकडे बघत बसायचे.

वरची बाई मात्र कापडाचा तुकडा घेऊन यायची.

"भाऊजी, दुकानदार सुती म्हणते. फसवून राहिला काय मले?"

हे अंगठ्याने कापड चोळायचे, तिला एक धागा ओढायला लावायचे. काडी पेटवून तो जाळायचीही तीच.

"पाहा, वितळून गोळी झाली! पॉलिस्टर आहे वहिनी, परत करा त्याले." आणि हसायचे. चार वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. आत माझी पोळी करपायची.

एकदा ती गेल्यावर मी माझीच जुनी साडी यांच्यापुढे नेली. "ही सुती आहे काय हो?"

"तुझ्या भावाच्या लग्नाले मीच आणली होती. विसरली काय?"

मला रडूच आलं. "तिच्याशी बोलता. माझ्याशी नाही बोलत."

हे साडीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "तू येते अन् सांध्यांची हजेरी घेते. काय बोलू? अन् लोकांपुढं माझ्या संडासचा विषय काहून काढते?"

मला लाज वाटली आणि रागही आला. सेवा मी करायची, हसणं तिच्या वाट्याला.

आठ दिवसांनी यांची मावशी आली. माझ्याकडेच बघून म्हणाली, "कसा आहे आता हा?"

तोंडाशी आलेलं गिळलं. "त्यांनाच विचारा," म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. आतून ऐकत होते. यांनी दुखण्याचं सांगितलं, पण त्यांना सांगावंसं वाटलं तेवढंच. मग पंडरीच्या गमती सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी वरची बाई पडद्याचं कापड घेऊन आली. तिने काडेपेटी उघडली तशी हे म्हणाले, "थांबा वहिनी, हिले पेटवू द्या."

मी हात पुसत आले. धागा जळून राख झाली.

"वास घे. कशासारखा?"

"कागद जळल्यासारखा."

"मग?"

"सुती."

वरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. मला ते मुळीच आवडलं नाही. काडेपेटी काही मी तिला परत दिली नाही.