बारीक सुरांच्या वहिनी

जळगाव ते धुळे या पट्ट्यात आजवर जेवढी माणसं झोपली, त्यांतली निम्मी माझ्या वहिनींनी झोपवलेली आहेत आणि उरलेली निम्मी झोपेत असताना वहिनींच्या नजरेतून सुटलेली नाहीत. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. व्यवसायाने भूलतज्ज्ञ. एरंडोल, पारोळा, धुळे, जिथून बोलावणं येईल तिथे त्या जात, माणसाला झोपवत आणि तो जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहत. झोपलेला माणूस एकटा ठेवायचा नसतो, हा त्यांचा धर्म. तो त्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेरही पाळत. एकदा धुळ्याच्या एसटीत शेजारचे अनोळखी गृहस्थ मान लटकवून घोरायला लागले. वहिनींनी शांतपणे त्यांच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून तोंड वर केलं. गृहस्थ दचकून उठले. "काय हो बाई?" "काही नाही, श्वासाची वाट मोकळी केली. झोपा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. पारोळ्यापर्यंत ते बिचारे डोळे ताणून जागे.

लग्नकार्यात तर बायका त्यांना पाहून हात पदराखाली घेत. नेलपॉलिश दिसलं की वहिनी पर्समधून बाटली आणि कापूस काढायच्या. माझ्या भाचीच्या लग्नात, शिरपूरला, त्यांनी वरमाईचं एक नख भर मांडवात पुसलं, कारण वरमाईचं पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. "ऑपरेशनच्या वेळी बोटाला लावलेला मशीनचा चिमटा नखातून उजेड सोडून रक्त बघतो. तुम्ही खिडकीला रंग दिलात तर त्याला दिसणार काय?" असं वर समजावूनही सांगितलं. फोटोंमध्ये वरमाईचं ते एक बोट बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं आहे.

पेशंट मात्र त्यांच्यावर जीव टाकत. टेबलावर घेतलेली एखादी म्हातारी हात घट्ट धरून विचारायची, "माय, मी उठसू ना वं?" वहिनी मूळच्या नाशिककडच्या, पण अशा वेळी त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. "उठशी ना माय. मी आठेच शे." आपल्याजवळ कोणी इथेच आहे, एवढं ऐकून म्हातारीची मूठ सैल पडायची.

मुख्य म्हणजे वहिनींचा कान. त्या चिमट्याचं मशीन नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टुक् करतं, आणि रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या टुकचा सूर खाली येतो. बाकीचे डॉक्टर पडद्यावरचा आकडा बघत. वहिनी पाठमोऱ्या, इंजेक्शन भरता भरता, सूर पाव पायरी घसरला तरी वळत. मशीनचा भोंगा वाजायच्या आत त्यांचा हात पेशंटच्या हनुवटीशी पोचलेला असे. भोंगा वाजू देणं त्यांना कमीपणाचं वाटे.

माझं हर्नियाचं ऑपरेशन धुळ्याला झालं, तेव्हा भूल त्यांचीच होती. पाठीत इंजेक्शन, कंबरेखाली सगळं गायब, आणि वरून थोडं गुंगीचं औषध. मी जागाही नव्हतो, झोपलोही नव्हतो. मला वाटलं, मी गिरणेकाठच्या केळीच्या बागेवरून तरंगत चाललोय. खाली हिरवा उजेड, आणि लांब कुठल्यातरी विहिरीत थेंब पडतोय, टुक्, टुक्. हे आपलंच काळीज आहे हे कळत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. थेंब हळूहळू खोल जाऊ लागले. विहीरच खाली चालली होती. मीही निवांत तिच्यामागे निघालो. तेवढ्यात कुठेतरी भोंगा वाजला, हनुवटीखाली दोन बोटं आली आणि वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, मोठा श्वास घ्या. अजून. घ्या ना!" मी घेतला. सर्जनने मान वर करायच्या आत सगळं ठीक झालं होतं. मला तर वाईट एवढंच वाटलं की बाग गेली.

टाके निघाल्यावर वहिनी जळगावच्या घरी मला बघायला आल्या. चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, मी काम सोडलं."

"का?"

"त्या दिवशी भोंगा आधी वाजला. मी तुमच्या उशाशी होते, तरी मशीनला माझ्याआधी कळलं. कान तपासून घेतले. बारीक सूर गेलेत माझे."

"पण मला काही झालं का? आणि आकडा दिसतोच की पडद्यावर. आवाज मोठा करून ठेवायचा."

"आवाज मोठा होईल हो. सूर घसरलेला कळायला हवा ना. मला आकडा बघत बसायची सवय नाही, आणि या वयात ती कुणाच्या जिवावर लावून घेऊ?" एवढं बोलून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उगाच नखं बघत राहिल्या.

आता संध्याकाळी आम्ही दोघं मेहरूण तलावावर फिरायला जातो. परवा काठच्या झुडपात एक चिमुकला पक्षी बसला होता. वहिनी थांबल्या. "चोच हलतेय त्याची. ओरडतोय ना?"

"हो, वहिनी."

"कसा?"

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी जमेल तशी शीळ घातली, त्याच्यापेक्षा बरीच जाड. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा घातली.