अंगी न लागलेल्या गोळ्या

वाणगावच्या शाळेत चौथीला भागाकार शिकवत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "रंजनवहिनी गेली," एवढंच म्हणाले. रंजनताई माझी थोरली जाऊ. दीड महिना होत आला, पण अजून धड रडू येत नाही, कारण आधी राग येतो. गेलेल्या माणसामागे राग धरू नये म्हणतात. मी धरणार आहे.

ताई तलासरीकडची. हायवेलगत वाढलेली, गुजराती आणि मराठी एका दमात बोलणारी. लग्न होऊन मी डहाणूच्या या चिकूच्या वाडीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला शिकवण दिली, "मास्तरीणबाई, चिकू झाडावर पिकत नाय, घरात आणून पिकवायला लागतो. नवऱ्याचं पण तसंच."

क्षय आम्हा दोघींना एकाच पावसाळ्यात निघाला. तिला साखरेचा आजार आधीपासून होता, मला नव्हता. बाकी वजन सारखं, गोळ्याही त्याच. सकाळी मागच्या पडवीत पाट टाकून आम्ही समोरासमोर बसायचो आणि ती म्हणायची, "घे गो, प्रसाद." या गोळ्यांनी लघवी तांबडी होते. त्यावरून तिची जी थट्टा चालायची, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

दोन महिन्यांनी माझी थुंकी साफ आली. तिची नाही. तपासणाऱ्या साहेबांनी कागदावरून मान वर न करताच विचारलं, "गोळ्या फेकता काय?" ती म्हणाली, "घेते ओ रोज, पण अंगी लागत नाय." साहेब हसले. खाल्लेलं अंगी लागत नाही असं आपण म्हणतो, तसंच ती बोलली होती, पण त्यांना तो बहाणा वाटला. शिवाय माझं उदाहरण समोर होतंच. एकाच घरातली, त्याच गोळ्या, ही कशी बरी झाली? मी सांगितलं, ती माझ्या डोळ्यांदेखत घेते. तर म्हणे, "जाऊ जावेची बाजू घेणारच." असं जगात कुठे घडतं, ते साहेबांनाच ठाऊक!

मग घरात झडती सुरू झाली. सासूबाईंनी तिची गादी उसवली, चिकूच्या करंड्या उपड्या केल्या, न्हाणीची मोरी काठीने ढोसली. एकही गोळी सापडली नाही, तर म्हणाल्या, "हुशार आहे, विहिरीत टाकत असेल." ताईचे यजमान, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहायचे. "आ कर. जीभ उचल." लग्नाकार्यात अख्ख्या वाडीचा स्वयंपाक एकटीने पेलणारी बाई मुलांदेखत आ करायची. एकदा मात्र भडकली. "आणि तांबडी होते ती काय मी कुंकू कालवते त्यात?" दुसऱ्या सकाळी पुन्हा, "आ कर." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पहिली औषधं संपली, खोकला राहिला, मग वाढला. शेवटी मुंबईत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून गोळ्या दिल्या आणि काही तासांनी रक्त काढून तपासायला पाठवलं... रक्तात औषध फारच कमी. त्यांनी समजावलं, तीच गोळी एकाच्या रक्तात पुरेशी उतरते, दुसऱ्याच्या नाही. साखर असली की कधीकधी आणखी कमी. अपुऱ्या औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. ताईचे निर्ढावले होते. हे रक्त आधी कोणी काढलं असतं तर डोस वाढवून पाहता आला असता.

बरी होईन का, हे तिने विचारलंच नाही. खाटेवरून भाऊंना म्हणाली, "घरी जाऊन आईंना सांगा, मी गोळ्या घेत होते म्हणून. मोठ्याने सांगा, शेजारीपण ऐकू देत." भाऊ "हो, हो" म्हणाले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

बाराव्याला अंगण माणसांनी भरलं होतं. चारोटीचे एक पाहुणे उसासा टाकून म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर..." सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊ, सांगा ना आता." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. भाऊ उठले, धोतर झटकलं, "जरा मोटर लावून येतो," म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

सकाळपासून लाईट नव्हती.